चार वर्षं क्वमेंजाय

३ ऑक्टोबर

ओटिली,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फोन आपटता येतो. कागद आपटून बघ, आवाजसुद्धा येत नाही. पत्ता रोझॅनने दिला. माझ्या पोरीवर डाफरू नकोस, मीच तिच्यामागे तीन दिवस भुणभुण लावली होती.

लिहितेय आपल्या अरंडातच. माझ्या चुका काढत बसू नकोस, तुला आपली भाषा लिहिता कुठे येते? बोलता येते तेवढी पुरे. ओठ हलवत वाच, कळेल सगळं. आणि तिथल्या शेजारणीला वाटलं की ही बाई एकटीच काय पुटपुटतेय, तर वाटू दे. ॲडलेडमध्ये कुणी आपल्याला पहिल्यांदा वेडी म्हणणार आहे का?

मी तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाहीये, हे आधी डोक्यात घे.

आपल्या मुलाला मातीत ठेवून चार वर्षं झाली. 'आपल्या' लिहिलंय मी. तू तिथे बसून 'माझ्या' म्हणत असशील, म्हण. आईची बहीण ती आईच, हे मी नाही ठरवलेलं. सव्वीस वर्षं त्याने मला आई म्हणून हाक मारली, माझ्या फ्रीजमधली कांगारूची शेपटी न विचारता नेली, माझ्याच गाडीचं पेट्रोल संपवून गाडी रस्त्यात सोडून चालत आला. आईशीच पोरं असं वागतात. तू मला त्याच्या आईपणातून काढून टाकलंस म्हणून मी निघत नाही.

तर कळवायचं ते इतकंच. परवा म्हाताऱ्या बायका कोरड्या नदीतल्या मोठ्या झाडाखाली बसल्या होत्या. एल्फ्रीडा म्हणाली, "चार वर्षं खूप झाली. आता ते मिटलेलं नाव उघडायला हवं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पण उघडणार कोण? जिच्या पोटचा, ती तर समुद्र बघत बसलीय." मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? मी काय तिला खिशात घालून फिरते?"

माझी नात नऊ वर्षांची झाली. पाच वर्षांची होती तेव्हापासून तिचं नाव मिटलंय, ती नुसती क्वमेंजाय आहे. त्या पोरीला स्वतःचं नाव देणारा तोच होता, आठवतं? दवाखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "मुलगी असली म्हणून काय झालं, माझं नाव दोघांना पुरेल." पुरलं खरं. गेलं तेही दोघांचं एकदमच.

आता आपल्या वस्तीत तीन क्वमेंजाय आहेत. ही, एल्फ्रीडाचा भाचा आणि पेट्रोलपंपावरचा तो जाड्या; तिघांची मिटलेली नावं वेगवेगळी, हाक एकच. मी जेवायला हाक मारली की तिघं येतात, आणि सगळ्यात जास्त जाड्या खातो.

मी मागत नाहीये. कळवतेय.

हुल्डा


१९ ऑक्टोबर

ओटिली,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, त्यामुळे तू जिंकलीस वगैरे समजू नकोस.

शाळेत नवी मुख्याध्यापिका आलीय, मिस पेनरोझ. उंच, उन्हाने भाजून लाल झालेली, कुत्र्यांना घाबरते. वाईट नाही. पोरांना आपली भाषा शिकवायचा माझा तास आधीची बाई शुक्रवारी दुपारी ठेवायची, पोरं पेंगायची वेळ. हिने तो सोमवारी सकाळी आणला. त्याबद्दल मी तिला चहा पाजला.

आणि ऐक, एल्फ्रीडाने तिला आपल्यात घेतलं. कमारा केलंय तिला, आपल्याच कुळातली. म्हणजे माझी धाकटी बहीण झाली ती. तुझी जागा रिकामी होती, भरली. राग आला का? येऊ दे.

पण ती शिकलेली बाई, कागदावर जे असेल तेच खरं मानणारी. डिसेंबरच्या अकरा तारखेला बक्षीस-समारंभ आहे. आपल्या पोरीला आपल्याच भाषेतल्या वाचनाचं बक्षीस मिळणार आहे. सगळ्या शाळेत पहिली आलीय. शिक्षिका मी असले तरी परीक्षा मी घेतली नाही, उगाच नाक मुरडू नकोस. तर मिस पेनरोझने यादी केली आणि मला बोलावून म्हणाली, "मिसेस हुल्डा, प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, जन्मदाखल्यावर आहे तसं, मी माइकवरून वाचणार. मुलांना आपल्या नावाचा अभिमान वाटला पाहिजे."

मी यादी पाहिली. तिथे ते नाव, छापलेलं. मी हात ठेवून झाकलं.

"हे वाचायचं नाही," मी म्हटलं.

"का?"

"या नावाचा माणूस गेलाय. गेलेल्याचं नाव आम्ही जिभेवर घेत नाही. ज्या जिवंतांचं तेच नाव असेल, त्यांचंही नाही. त्यांना तोवर क्वमेंजाय म्हणतात."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"त्याची आई उघडेपर्यंत."

"आई कुठे आहे?"

"ॲडलेडला, फुगून बसलीय."

तिने डोळे मिचकावले. म्हणाली, "पण त्या मुलीने काय केलंय? चार वर्षं तिला कुणी तिच्या नावाने हाक मारलेली नाही. हा अन्याय नाही का?"

अशी तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणून सांगू! लहानपणी मिशनच्या बाईने आपली नावं बदलली, आपली भाषा तोंडातून पुसायला साबण आणला, तेव्हा कुणाला अन्याय आठवला नव्हता. आता आम्ही चार वर्षं एक नाव मिटून ठेवलं तर लगेच अन्याय. हे सगळं मी तिला तोंडावर म्हटलं. तिने यादी दुमडली. मग म्हणाली, "मी विचार करते." विचार करते म्हणजे गाळते, असं मी धरून चाललेय.

हुल्डा


२ नोव्हेंबर

ओटिली,

मला शाळेतून घरी बसवलंय. आता हसून घे.

झालं असं. गुरुवारी समारंभाची रंगीत तालीम होती. पोरं अंगणात बसलेली, वर ऊन, माश्या. मिस पेनरोझ माइकवर यादी वाचत होती. मला वाटलं, सांगितलंय तिला, गाळेल. आपल्या पोरीच्या आधीचं नाव झालं, आणि तिने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखला. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि स्पीकरची वायर उपटली. नुसती काढली नाही, उपटली. प्लगसकट पत्रा आला हातात. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"तुम्ही हे काय केलंत?" ती ओरडली.

"तुला वाचवलं," मी म्हटलं. "तू कमारा आहेस आता. माझी धाकटी बहीण. म्हणजे गेला तो तुझाही मुलगा. आई मुलाचं नाव असं माइकवर घेते का?"

तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नातं दिलं की नात्याची ओझीही येतात, हे या लोकांना कुणी सांगत नाही. खाली बसली ती खुर्चीवर. आणि मग काय म्हणाली माहीत आहे? "मी त्याची आई असेन, तर ते नाव मी उघडू शकते ना?"

एल्फ्रीडा कुंपणापाशी उभी होती. इतकी हसली की तिला खोकला लागला. "हुल्डे, ही लवकर शिकतेय गं!" म्हणाली. मग डोळे पुसून मिस पेनरोझला म्हणाली, "नाही बाई. आया आम्ही सगळ्याच. पण उघडणारी एकच, जिने कळा सोसल्या ती."

हसलो सगळे, पण मोडलेला पत्रा मोडलेलाच. वरच्या ऑफिसातून पत्र आलं: शाळेच्या मालमत्तेचं नुकसान, चौकशी होईपर्यंत घरी. मिस पेनरोझ स्वतः पत्र घेऊन आली, दारात उभी राहिली. कुत्रे असूनही आली, एवढं मी मानते. म्हणाली, "घरच्यांचं लेखी आणा, नाव वाचा किंवा वाचू नका, मी तसंच करीन. काहीच आलं नाही तर त्या मुलीला बक्षीस मी मागून ऑफिसमध्ये देईन. माझ्यापुढे दुसरा रस्ता नाही." तिचंही चुकत नाही. पण मागून, ऑफिसमध्ये, म्हणजे पोरीने काय चोरी केलीय का?

मी पोरीला म्हटलं, "क्वमेंजाय म्हणून बोलवतील, तर चालेल ना?"

ती म्हणाली, "आजी, ते माझं नाव नाही. ते सगळ्यांचं आहे. जाड्याचंही आहे."

मी म्हटलं, "चुकीचं बोलू नकोस, मान आहे त्याला."

ती म्हणाली, "मला मान नको, नाव पाहिजे."

नऊ वर्षांची पोर. कुणावर गेलीय ते तू मला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी मी तिला बघितलं. नदीत, झाडाच्या पलीकडे, एकटी बसली होती. वाळूत बोटाने काहीतरी लिहिलं, बघत राहिली, आणि मग तळहाताने पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी जवळ गेले नाही. काय लिहीत होती ते मला माहीत होतं. मीच तर तिला लिहायला शिकवलंय.

घरी येऊन मी भांडी आपटली. तुझ्या नावाने आपटली, तुझं नाव घेता येतं अजून.

हुल्डा


१६ नोव्हेंबर

ओटिली,

आतापर्यंत तीन पत्रांत मी इकडचं तिकडचं लिहिलं. तू मनात म्हणत असशील, ही म्हातारी मुद्द्यावर कधी येणार. येते. आज सकाळी पोरीला ओरडले विनाकारण, तेव्हा ठरवलं की आज येते.

लोकांनी तुला काय काय सांगितलं मला ठाऊक नाही. काहींनी सांगितलं असेल की ट्रक होता. काहींनी सांगितलं असेल की हुल्डाला शोक आवरला नाही. आपल्यात एक ओरडली की दहा जणी दहा गोष्टी करतात. मी चार वर्षं काही बोलले नाही, कारण मला वाटलं, माझी बहीण मला ओळखते. तिला मी खुलासा का द्यायचा? ही माझी मगरुरी. आहे, मान्य आहे.

आता ऐक माझ्याकडून.

त्याला जाऊन आठ दिवस झाले होते. आपण सगळ्या रस्त्याच्या कडेला, नदीच्या वर, जमिनीवर बसलो होतो. केस कापलेले, अंगाला पांढरी माती. तू मधोमध, डोक्यावरून ती निळी घोंगडी ओढून. माझं तोंड रस्त्याकडे होतं, तुझी पाठ. दुपार होती. पोरगी कुत्र्याच्या पिल्लामागे धावत होती. आणि पाण्याचा ट्रक आला. उतारावरून, भरधाव.

मी ओरडले, "क्वमेंजाय!"

हे तुला कुणी सांगितलं नसेल. सगळ्यांना दुसरी हाक ऐकू आली, पहिली कुणालाच आठवत नाही. पण मी आधी तेच ओरडले, ओटिली. नियम मी विसरले नव्हते. पोरगी वळली नाही. आठ दिवसांपूर्वी मिळालेलं नाव ते, कुठलं पाच वर्षांचं पोर वळेल? ती रस्त्यावर होती. पिल्लू पुढे, ही मागे.

मग मी दुसरं ओरडले. तिचं नाव, त्याचं नाव, सगळा जीव एकवटून.

ती जागच्या जागी थांबली. ट्रक तिच्या नाकासमोरून गेला. धुळीत मला ती दिसेना, मग दिसली, उभी होती, पिल्लू हातात. आणि मी मागे बघितलं तर सगळ्या बायकांनी तोंडावर हात ठेवलेले, आणि तू उठलेली. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. घोंगडी तिथेच टाकलीस, गाडीत बसलीस आणि गेलीस. मला वाटलं, रात्रीपर्यंत येशील. चार वर्षं झाली.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, कारण तू नव्हतीस. एल्फ्रीडा म्हणाली, "हुल्डे, जीभ सुटली तुझी. आता तिला बांध." मी दोन महिने बोलले नाही. एक शब्द नाही. हातांच्या खुणांनी बोलले, खुणांनी भांडले, दुकानात खुणांनी पीठ आणलं. रोझॅन रडायची, म्हणायची, आई, काहीतरी बोल. नाही बोलले. जे चुकलं त्याची किंमत मोजली, आपल्या रीतीने. कुणाचं देणं ठेवलं नाही.

पण तुझी माफी मागते का? नाही. हे स्पष्ट लिहिते. पुन्हा तोच रस्ता, तोच ट्रक, तीच पोर असेल, तर मी पुन्हा तेच ओरडेन, आणि पुन्हा दोन महिने मुकी बसेन. तो गेलाच होता. ही जाणार होती. तूही तेच केलं असतंस. नसतंस, तर मला सांग, म्हणजे मी तुझं नाव टाकते.

आणि आता मागते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं मागत नाही, ते खोटं होतं. पोरीचं नाव उघड, ओटिली. तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. माझ्यावरचा राग ठेव हवा तर, तो मला सवयीचा झालाय. पण नाव तिला दे. अकरा डिसेंबरला सकाळी दहाला ती त्या अंगणात बसेल, आणि मी काय सांगू तिला?

हुल्डा


२७ नोव्हेंबर

ओटिली,

तुझं कार्ड आलं. समुद्राचं चित्र, मागे दोन ओळी. वेडीवाकडी अक्षरं, पण आपल्या भाषेत लिहिलंस. कुठे शिकलीस?

'तू ओरडलीस तेव्हा मी वळून बघितलं. मला वाटलं तो आला.'

मी ते चुलीपाशी उभी राहून वाचलं. मग खुर्चीवर बसून वाचलं. मग रोझॅनने विचारलं, काय लिहिलंय, तर कार्ड तिच्याच हातात दिलं.

चार वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेय. तू म्हणशील मी रीत मोडली, त्याला उत्तर तयार. तू म्हणशील मी तुझ्यापेक्षा जास्त आई व्हायला गेले, त्यालाही तयार. ट्रकवर विश्वास नाही म्हणशील, तर ड्रायव्हरला उभा करीन, तोही अजून इथेच आहे. सगळ्याला उत्तर होतं.

तू वळलीस. घोंगडीखालून मान काढून बघितलंस. तुझी पाठ रस्त्याकडे होती, म्हणजे तू पूर्ण वळली असशील. आणि तिथे एक पोरगी पिल्लू घेऊन उभी. हे मला कसं कळलं नाही? मी तिथेच होते, दहा पावलांवर. मी पोरीकडे बघत होते.

म्हणून नाव मिटून ठेवतात. मी मिस पेनरोझला मोठ्या तोंडाने सांगितलं, आमच्यात घेत नाहीत, आमची रीत. पण का, ते मलाच आता कळतंय, साठीला आल्यावर. कुणी हाक मारली आणि आईची मान वळली, असं होऊ नये म्हणून. बाकी सगळं नंतरचं.

तर आता ऐक. नको उघडूस. मागितलं ते परत घेते. पोरीला मी सांगेन. रुसेल, रडेल, मला नावं ठेवेल, ठेवू दे. बक्षीस ऑफिसमध्ये देतील तर मी ऑफिसात जाऊन टाळ्या वाजवीन, एकटी, इतक्या मोठ्याने की वरच्या ऑफिसात ऐकू जातील. आणि त्या दिवशी कुणी ते नाव माइकवर घेतलं, तर वायर पुन्हा उपटेन. नवीन बसवलीय म्हणे, पक्की. बघू किती पक्की आहे ते.

तुझी मान वळू देणार नाही, एवढं मी बघते. हे मी चार वर्षांपूर्वीच बघायला हवं होतं.

कांगारूची शेपटी फ्रीजमध्ये आहे. कुणी न विचारता नेत नाही आता.

हुल्डा


१२ डिसेंबर

ओटिली,

काल तू फोन ठेवलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. म्हणून लिहितेय. रोझॅनने तुला रात्री फोन केला तर तू उचलला नाहीस. तुझी ही सवय एक दिवस मी मोडणार आहे.

पहिल्यापासून सांगते. दहा वाजले. मी मागच्या रांगेत, कामावर नाही, आजी म्हणून. वायरच्या जवळची जागा बघून बसले होते, मिस पेनरोझने ते पाहिलंही. पोरीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तुझ्या वळण्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "मग मला नको नाव. आजीची मान दुखेल." तुला ती आजी म्हणते, तू तिला चार वर्षं बघितलेलं नसलंस तरी. काल ती पुढे बसली होती, वेण्या घातलेल्या, जाड्याच्या बहिणीने घातल्या होत्या.

रोझॅनचा फोन वाजला. तिने माझ्या हातात दिला. तुझा आवाज चार वर्षांनी ऐकला, आणि तू पहिलं काय म्हणालीस? "माइकजवळ धर."

मी म्हटलं, "कशाला?"

"धर म्हटलं ना. मोठेपणा नंतर कर."

मी उठले. मिस पेनरोझला म्हटलं, "माझी बहीण आहे. खरी." तिने माइक पुढे केला. ती बाई काही न विचारता बाजूला झाली, हे मी विसरणार नाही. आज तिच्या घरी राखेत भाजलेला पाव मी पाठवला.

आणि तू हाक मारलीस.

"शॅननऽऽ!"

लिहिलं बघ. तू उघडलंस, आता लिहायला हरकत नाही.

रडत मारशील असं वाटलं होतं. नाही. जेवायला उशीर झाला की मारायचीस, तशी मारलीस, शेवटी चिडून वर नेलेली. आणि लगेच फोन बंद.

एल्फ्रीडाने मान खाली घातली. माझं मी सांगते. मी वळले. मी फोन धरून उभी होते, हाक कुणाला आहे मला माहीत होतं, नऊ वर्षांची पोर समोर बसली होती, आणि तरी मी फाटकाकडे वळले. तो यायचा तसा आला असेल, पेट्रोल संपवून, चालत, हसत. फाटक उघडं होतं. बाहेर रस्ता आणि ऊन. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. आता मला कळलं, मी तुला काय केलं ते. अजूनही म्हणते, पुन्हा ओरडेन. पण आता कळून ओरडेन.

पोरगी उठलीच नाही. तिला वाटलं, तू त्याला बोलावतेयस. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे मोठे करून. मी हाताने खूण केली: तू. तुला. जा.

ती उठली. पळत आली. बक्षिसाकडे बघितलंही नाही. माझ्या हातातून फोन ओढला, तोंडाजवळ धरला, माइक तिथेच होता, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडली, "ओऽऽ! आले गं आजी! काय?"

फोन बंद होता. ती थांबली, ऐकत राहिली. पुन्हा म्हणाली, "ओ. मी आहे. बोल ना."

एल्फ्रीडा सगळ्यात आधी रडली. मग कुणी राहिलं नाही.

तू हाक मारलीस आणि ओ यायच्या आत फोन ठेवलास, ओटिली. ओ आली. पुढच्या वेळी थांब.

हुल्डा